न मागितलेला स्वेटर

१

फ्रीजवर फोल्डर नव्हतं.

अमिहानने स्टुलावर चढून हात फिरवला, मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलला. त्या डब्यात बिस्किटं कुणी कधी बघितलीच नव्हती, त्यात सुईदोरा आणि बटणं असायची. दुपारी घरातून निघाले तेव्हा त्याच डब्याखाली जाडजूड लाल फोल्डर होतं. आता धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

"सान्तो, तू काढलंस का?"

सान्तो दारात बूट काढत होता. एक बूट पायात तसाच ठेवून तो आत आला आणि त्याने नुसती मान हलवली.

अमिहानचं सगळं आयुष्य त्या फोल्डरमध्ये होतं म्हटलं तरी चालेल. पासपोर्ट, त्यात अमेरिकेत पाऊल टाकल्याचा शिक्का, लग्नाचा दाखला, घराचे कागद, फोटोंचा अल्बमसुद्धा त्यातच कोंबलेला. ती सान्तोच्या आईच्याच मुलखातून, गिमारास बेटावरून, शिकायच्या व्हिसावर आली होती. शिक्षण संपलं, व्हिसाची मुदत संपत आली, आणि संपायच्या तोंडावर तिचं सान्तोशी लग्न झालं. सान्तोचा जन्मच जर्सी सिटीचा, म्हणजे इथला नागरिक. त्याची बायको म्हणून इथेच कायमचं राहायचं कार्ड मिळावं असा अर्ज टाकला आणि दोघं वाट बघत बसली. ती तारीख उद्यावर आली होती. उद्या सकाळी न्यूअर्कच्या कचेरीत अधिकारी समोर बसवून ठरवणार होता, की हे लग्न खरं का कागदापुरतं. वकीलबाईने बजावून ठेवलं होतं, अस्सल कागद हातात नसतील तर अर्ज तिथेच फेटाळतील. आणि अर्ज फेटाळला तर व्हिसा संपलेल्या माणसाला एकच वाट उरते, विमानतळाची.

निंग भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. ती सान्तोची धाकटी बहीण, सतरा वर्षांची. तिने शाळा सोडली का शाळेने तिला सोडलं यावर घरात अजून भांडणं व्हायची. गणिताचे सर 'तुमच्यासारखी पोरं' असं काहीतरी बोलले आणि हिने डस्टर भिरकावलं, एवढं मात्र नक्की. तेव्हापासून ती वेस्ट साइडवरच्या डोनटच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायची.

तिची आई पुरिसिमा खुर्चीत बसली. मयताला जायचा काळा ड्रेस, वर राखाडी स्वेटर. सकाळी गावाकडे पाठवायचा खोका बांधताना दाताने टेप तोडून तोडून तिचा ओठ सोलला होता. त्या ओठाला जीभ लावत ती म्हणाली, "ज्याला प्रश्नांना तोंड द्यायचं नसतं, त्याचेच कागद बरोबर आदल्या दिवशी हरवतात."

"आई, काय बोलतेस तू?"

"मी कुठे काय बोलते? व्हिसा संपत आला आणि प्रेम उतू गेलं, एवढंच मला आठवतंय."

अमिहान स्टुलावरून खाली उतरली. डबा टेबलावर ठेवला. निंगच्या मात्र डोक्यात सणक गेली. लग्नाला इतके दिवस झाले तरी आईने सुनेला 'आई' म्हणू दिलं नव्हतं. परक्या बाईला म्हणतात तसं 'तिता' म्हणायचं. आणि आज तर सरळ चोर ठरवून मोकळी.

"मी शोधून काढते," निंग म्हणाली. "आणि ज्याने घेतलंय त्याला या टेबलावर आणून बसवते. मग बघू कोण मान खाली घालतं."

"काढ की," आई म्हणाली. "घरातलंच माणूस निघेल."

ते मात्र निंगलाही कळत होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं.

२

त्या दुपारी सगळी गल्ली म्हाताऱ्या सेलोच्या मयताला गेली होती. सेलो जुना खलाशी, सगळ्यांच्या ओळखीचा. मयताच्या हॉलमध्ये त्याला कोट घालून पेटीत निजवलेला, आणि लोक खुर्च्यांवर बसून त्याच्याच गोष्टी सांगत होते. घर रिकामं होतं. किल्ली असलेली माणसं मोजकी. घरचे तिघं, निंग, तळघरात राहणारा भाडेकरू डोमेंग, आणि निनोंग रुफिनो, म्हणजे सान्तोचा धर्मबाप. त्याने सान्तोला बारशाला मांडीवर घेतलं होतं आणि लग्नात साक्षीला उभा राहिला होता.

निंग मयताला गेली नव्हती. जोडीदारीण आजारी पडली म्हणून दुकानात सबंध दुपार ती एकटीच होती. पण मयत तिच्याकडे आलं. मयताहून कुणी सरळ घरी जात नाही. मध्ये कुठेतरी थांबायचं, चार माणसांत बसायचं, काहीतरी खायचं, म्हणजे मेलेल्याचा जीव मागे लागला असेल तर तिथेच घुटमळतो, घरात शिरत नाही. हॉलपासून सगळ्यात जवळचं दुकान निंगचं. त्यामुळे वस्तीत कुणी गेलं की डोनट संपायचे. आजही काळ्या कपड्यांच्या रांगा लागल्या. शेवटी आई, सान्तो, अमिहान आणि निनोंग रुफिनो एकत्र आले. निनोंग मयतालाही दवाखान्यातल्या निळ्या कपड्यांतच होता, कामावरून परस्पर आलो म्हणाला. नर्सिंग होममध्ये उभा जन्म गेला त्याचा. खिशाला बिल्ला अडकवायची क्लिप होती, बिल्ला नव्हता. निंगला ते दिसलं आणि तिने सोडून दिलं. सकाळचाही तो हल्ली दुकानात कॉफी घेऊन तासन् तास बसायचा. रात्रपाळी लागलीय म्हणायचा.

त्या थांबण्याच्या बाबतीत निनोंगसारखा कडक माणूस दुसरा नव्हता. गेल्या हिवाळ्यात असंच एका मयताहून येताना बर्फ पडत होता. निंगचे पाय गारठून बधिर झाले होते, पण सगळी दुकानं बंद म्हणून त्याने पेट्रोल पंपावर गाडी लावली, तिथल्या मशीनमधला शेंगदाण्याचा पुडा सगळ्यांना दोन-दोन दाणे खायला लावला आणि मगच घरी सोडलं.

निंगने पहिला धरला डोमेंगला. तो मागच्या दाराशी वॉशिंग मशीनमध्ये कपडे कोंबत होता. बाजूलाच आईचा खोका उभा होता, गावाला जहाजाने जाणारा, निंगच्या कमरेएवढा. निंग त्यावर चढून बसली.

डोमेंग बेकरीत पहाटेच्या पाळीला असायचा, म्हणून दुपारी झोपायचा. त्याने सांगितलं ते असं. वर कुणीतरी चालल्याचा आवाज आला, तो जागा झाला, जिन्यातून हाक मारली की कोण आहे. वरून निनोंग म्हणाला, मी आहे, पुरिसिमाला थंडी वाजतेय, तिचा स्वेटर न्यायला आलोय. डोमेंग परत झोपला, आणि मग उठून आपला शेवटी-शेवटी मयताला जाऊन आला.

"आणि फोल्डर?"

"मला काय करायचंय त्या फोल्डरचं? माझ्याशी कोण लग्न करणार?"

निंगला हसू आलं असतं, पण तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या कपड्यांच्या टोपलीत गेलं. शर्टाखाली काहीतरी चकाकत होतं. तिने शर्ट ओढला. डबाबंद मांसाचे दोन डबे. आई गावाला पाठवायची तेच.

डोमेंगचा चेहरा उतरला. "मशीनच्या मागे पडले होते गं. देवाशपथ. कुणाचे नाहीत असं वाटलं."

"आमच्या घरात पडलेले आणि कुणाचे नाहीत?"

तो गयावया करायला लागला, आईला सांगू नकोस म्हणाला. निंग खोक्यावर बसल्या-बसल्या टेपचं टोक नखाने खाजवत विचार करत होती. टोक दुमडलेलं होतं, सहज उचकटत होतं. तिने ते परत चिकटवलं. डबे चोरणारा माणूस फोल्डरही चोरेल का? आणि चोरून करेल काय?

३

रुफिनोला कुणी बोलवावं लागलं नाही. सान्तोचा फोन गेला आणि तो धावत आला. सगळ्यात जास्त शोधाशोध त्यानेच केली. सोफे ओढले, गाद्या उलट्या केल्या, कचऱ्याच्या पिशवीतसुद्धा हात घातला. मग घाम पुसत अमिहानजवळ बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढची तारीख मिळेल गं, पोरी. दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतंय. फोल्डर कुठे जातंय? सापडेल तोवर."

अमिहानने मान डोलावली. मग उठून तिने आलं किसलं, पाण्यात उकळलं आणि कप आईपुढे ठेवला, कारण आईचा घसा हॉलमधल्या गारठ्याने बसला होता. जिने आपल्याला तासाभरापूर्वी खोटारडी म्हटलं तिला हातात कप द्यायचा. तिच्या जागी निंग असती तर तिने कप डोक्यावर ओतला असता. आईने एक घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिली.

निंग निनोंगला घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसली. तिने त्याला विचारलं, तुम्ही दुपारी घरी आला होतात ना. तो लगेच हो म्हणाला, लपवलं नाही. हॉलमध्ये एसी असा सोडलेला की तुझी आई कुडकुडत होती, म्हणून मीच म्हटलं आणतो. स्वेटर खुर्चीवरच होता, उचलला आणि गेलो. फ्रीजकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळं सरळ होतं. स्वेटर आईच्या अंगावर होताच. तरी निंगला काहीतरी टोचत होतं, आणि टोचलं की तिला गप्प बसवत नसे.

"म्हणजे तुम्ही मयताहून सरळ आमच्या घरात आलात?"

निनोंगचा हात गुडघ्यावर थांबला. "छे. सरळ कसा येईन? उद्या पोरांचा इंटरव्ह्यू आणि मी मयत घरात आणू? आधी तुझ्याच दुकानात थांबलो, एक डोनट खाल्ला आणि मग आलो. तू मागे गेली असशील."

"असेन," निंग म्हणाली.

ती मागे गेलीच नव्हती. काउंटरवर ती एकटी, आणि गिऱ्हाईक थांबत नव्हतं. निनोंग त्या दुपारी दुकानात एकदाच आला होता, सगळ्यांच्या बरोबर, शेवटी.

तो गेल्यावरही ती पायरीवर बसून राहिली. पासपोर्ट चोरल्याबद्दल माणूस खोटं बोलेल ते समजतं. पण एका डोनटबद्दल कुणी कशाला खोटं बोलेल?

४

सकाळी खोका न्यायला कार्गोवाला दाराशी आला. सान्तो शर्ट इस्त्री करत होता, जणू फोल्डर असल्यासारखाच. अमिहानने केस विंचरून घट्ट बांधले होते. आम्ही जाणारच, ती म्हणाली, रिकाम्या हाताने तर रिकाम्या हाताने. वकीलबाई फोनवर उसासे टाकत होती. निनोंग गाडी घेऊन न्यायला येणार होता.

कार्गोवाल्याने आणि सान्तोने मिळून खोका व्हॅनमध्ये चढवला. व्हॅन गेली. आणि मग डोमेंग जिन्यातून वर आला, पोटाशी दोन डबे धरून. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती.

"तिता पुरिसिमा, हे तुमचे आहेत. मी घेतले. म्हणजे घेतले नाहीत, सापडले."

आईने डबे हातात घेतले आणि तिचे डोळे बारीक झाले. "हे बाहेर कसे? हे मी खालच्या कोपऱ्यात दाबले होते. टॉवेलच्या बाजूला. वर बसून खोका बंद केला मी, तेव्हा कुठे झाकण लागलं."

"तुम्ही विसरला असाल," सान्तो म्हणाला.

निंगने भावाकडे बघितलं. हा इथे जन्मला तरी याला कळू नये? खोका वजनावर जात नाही. खोका भरेल तेवढा पाठवायचा, पैसे तेवढेच. म्हणून बायका बुटांत साबण भरतात, साबणाच्या फटीत चॉकलेट सारतात. गावाकडच्या, इलोइलोच्या मावशीला रिकामी जागा पाठवायची म्हणजे नाक कापून पाठवण्यासारखं. आईच्या खोक्यातून दोन डबे आपणहून बाहेर येणं शक्यच नव्हतं. ते कुणीतरी काढले होते. आणि डबे काढायचं कारण एकच असू शकतं. त्यांची जागा दुसऱ्या कशाला तरी हवी होती. जाडजूड, अल्बम कोंबलेल्या कशाला तरी.

दोन-तीन महिने. जहाजाला तेवढेच लागतात. फोल्डर कुठे जातंय, सापडेल तोवर.

"आई," निंग म्हणाली. "काल हॉलमध्ये तू निनोंगला म्हणालीस का, थंडी वाजतेय म्हणून?"

"मी कशाला म्हणू? मी त्याला बघितला तोच स्वेटरसकट. आला, सेलोच्या पाया पडायच्या आधी माझ्या खांद्यावर टाकला. मी म्हटलं, किती माया करतो माणूस."

निंगच्या डोक्यात कालची दुपार उलटी फिरली आणि बरोबर जागी येऊन बसली. निनोंग मयताहून घरी आलाच नव्हता. तो घरून मयताला गेला होता. कामावरून परस्पर नाही, इथून. डोमेंगने खालून हाक मारली तेव्हा हातात जे दिसलं त्याचं नाव घेतलं, आणि मग ते खरं करायला स्वेटर न्यावाच लागला. पुरिसिमाला बघायच्या आधीच त्याला ठाऊक होतं की तिला थंडी वाजतेय. आणि काल निंगने विचारल्यावर तो अडकला. मयताहून सरळ आलो म्हणावं तर या घरात कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून डोनट खाल्ला म्हणाला. नेमका निंगच्या दुकानात.

"निंग, व्हॅन कुठे गेली?" डोमेंग म्हणाला. त्यालाही काहीतरी कळलं होतं.

निंग तेव्हा गल्लीच्या टोकाला पोचली होती, अनवाणी.

५

व्हॅन पुढच्या चौकात थांबलेली होती, दुसऱ्या कुणाचा तरी खोका घ्यायला. ड्रायव्हर चढायला आणि निंग समोर आडवी व्हायला एकच गाठ पडली.

तो म्हणाला, पोरी, बाजूला हो. ती म्हणाली, खोका उतरव. तो म्हणाला, एकदा चढलेला बंद खोका मला उघडता येत नाही, मालकाशिवाय नाहीच नाही. निंगने त्याला जे ऐकवलं ते तिच्या आईने ऐकलं असतं तर आठवडाभर जेवण बंद झालं असतं. नशिबाने आई त्यानंतर पोचली, कालच्याच काळ्या ड्रेसवर स्वेटर, एका हातात एक डबा, दुसऱ्या हातात दुसरा. मागून सान्तो, अमिहान, डोमेंग. आणि त्यांच्या मागे हळूहळू येऊन थांबलेली निनोंगची गाडी.

"मालक मी," आई धापा टाकत म्हणाली. "माझा खोका, माझी टेप."

"खोका तुझा," निंग म्हणाली. "टेप तुझी नाही. तू टेप दाताने तोडतेस, टोक कुरतडल्यासारखं येतं. हे बघ."

वरच्या टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, व्यवस्थित, बोटाच्या पेराएवढं. पेशंटच्या हातावर पट्टी लावताना नर्स दुमडतात तसं, म्हणजे काढताना कातडी ओढली जात नाही. हाताला लागलेली सवय. माणूस चोरी करतानाही ती सुटत नाही.

निंगने टोक धरलं आणि ओढलं. टॉवेल, साबण, टूथपेस्ट, मावशीच्या नातवाचे बूट. खालच्या कोपऱ्यात, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट गुंडाळलेलं, लाल फोल्डर. अमिहानने ते छातीशी धरलं आणि फूटपाथवरच बसली.

निनोंग गाडीतून उतरला होता. अंगात तेच निळे कपडे.

निंग त्याच्याकडे वळली. रात्रभर तिने या क्षणासाठी शब्द साठवले होते. त्याऐवजी तिच्या तोंडून निघालं, "बिल्ला कुठेय तुमचा, निनोंग?"

त्याने खिशाच्या रिकाम्या क्लिपला हात लावला. मग तो बोलला ते सान्तोकडे बघून. नर्सिंग होम बंद पडलं होतं, वसंतातच. कुणाला सांगायचं धाडस झालं नाही, बायकोलाही नाही. रोज सकाळी कपडे चढवायचे आणि निघायचं. अमिहानच्या अर्जावर पैशाची हमी, तिचा खर्च सरकारवर पडणार नाही अशी, त्याची होती. सही केली तेव्हा नोकरी होती, तेव्हा सगळं खरं होतं. पण गेल्या आठवड्यात वकीलबाईने हमीदाराची ताजी पगारपत्रकं मागितली.

"नाही म्हणायचं ना मग," निंग ओरडली.

"धर्मपुत्राला नाही कसं म्हणू, पोरी? लग्नात साक्षीला मी होतो. मला वाटलं तारीख पुढे जाईल. तोवर काहीतरी मिळेल, फोल्डरही गावाहून परत येईल. मावशीला वाटलं असतं चुकून गेलं." त्याचा आवाज विरत गेला. "अर्ज फेटाळतील हे मला खरंच ठाऊक नव्हतं."

अमिहान उठली. तिने निनोंगच्या हाताला हात लावला, बाकी काही नाही, आणि फोन कानाला लावून वकीलबाईला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला.

"कागद मिळाले तरी उपयोग नाही म्हणतात," ती म्हणाली. "माझी हमी घेणारं माणूस पाहिजे. आज. इंटरव्ह्यूच्या आधी. नोकरी असलेलं, कर भरलेलं."

सान्तो अजून शिकाऊ होता, त्याचा पगार पुरत नव्हता, म्हणूनच तर निनोंग लागला होता. डोमेंगने बोट वर केलं आणि परत खाली घेतलं, कारण त्याचे स्वतःचे कागद अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होते.

आईने दोन्ही डबे खोक्यात त्यांच्या जागी ठेवले. दाबले. मग म्हणाली, "पहिल्यांदा मलाच विचारलं होतं ना."

होतं खरं. पहिल्यांदा तिलाच विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, कागदापुरत्या सुनेची हमी मी घेत नाही. हॉटेलच्या लॉन्ड्रीत ती मुकादम होती, पगार पक्का, कर वेळेवर. तिने तेव्हा सही केली असती तर निनोंग यात आलाच नसता.

"हिला काल मी काय काय बोलले," ती निंगला म्हणाली, सुनेकडे न बघता. "आणि ही मला आलं उकळून देत होती. मी रात्रभर तेच बघत होते छताकडे." मग ती निनोंगकडे वळली. "चल, गाडी काढ. तोंड नंतर लपव. वाटेत वकीलबाईकडे थांबायचंय."

६

कचेरीच्या बाहेरच्या खोलीत निंगने पायात आईच्या चपला घातल्या होत्या. सान्तो आणि अमिहान आत गेले, दार लागलं. आई जपमाळ फिरवत बसली. समोरच्या खुर्च्यांवर कुठकुठल्या देशांची जोडपी हातात हात घालून बसलेली, काही खरी घाबरलेली, काही उगाच हसणारी. निंगला त्यांच्यातली कुठली खरी आणि कुठली खोटी हे दारातून आत जायच्या आधीच सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

मग दार उघडलं आणि अधिकारीबाईंनी बाहेर डोकावून विचारलं, पुरिसिमा कोण.

आई आत गेली. निंगने नखं खाल्ली. जपमाळ खुर्चीवरच राहिली होती.

आत काय झालं ते नंतर सान्तोने गाडीत सांगितलं, तीन-तीनदा, कारण प्रत्येकाला परत ऐकायचं होतं. अधिकारीबाई म्हणाल्या होत्या की हमी आज सकाळची आहे, हे कसं काय. आई म्हणाली, कारण आज सकाळपर्यंत मला हे लग्न खोटं वाटत होतं. सान्तोचा जीव गेला होता तिथेच. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आता काय बदललं, त्यांनी विचारलं. आणि आई म्हणाली, "बाई, खोटी सून असती तर सासूशी गोड बोलली असती. ही मी शिव्या दिल्या तरी गप्प राहिली आणि माझ्या घशाला औषध केलं. एवढा त्रास कागदासाठी कुणी काढत नाही."

अधिकारीबाई हसल्या नव्हत्या, पण अल्बमचं पान उलटताना त्यांना खोकला आला, असं सान्तोचं म्हणणं.

तिघं बाहेर आले तेव्हा अमिहान रडत होती. निंग उठून उभी राहिली. तेवढ्यात सान्तोने निंगला उचलली, चपलांसकट, त्या गप्प खोलीत, आणि गरागरा फिरवली. मंजूर. तिथल्या तिथे मंजूर. कार्ड टपालाने येणार. समोरची सगळी जोडपी, खरी आणि खोटी, टाळ्या वाजवायला लागली, आणि पहारेकऱ्याने शांत राहा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

निनोंग बाहेर गाडीतच बसून होता. त्यांचे चेहरे बघून त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग गाडी सुरू केली आणि विचारलं, घरी ना.

"सरळ घरी?" आई म्हणाली. "त्या कचेरीतून? काय काय मागे लागलं असेल तिथलं. आधी निंगच्या दुकानात."

दुकानात गर्दी नव्हती. निंग काउंटरच्या आत शिरली, सवयीने. निनोंग दारातच थांबला होता, आत येऊ का नको अशा पायांनी. निंगला त्याच्यावर अजून राग होता, आणि तो काही दिवस राहणार हेही तिला ठाऊक होतं. तिने ताटलीत एक साखरेचा डोनट ठेवला, त्याच्या नेहमीच्या खुर्चीपुढे आपटला आणि म्हणाली, "या. आज खरंच थांबलात म्हणून लिहून ठेवते."

तो आला. बसला. डोनट खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुणी बघितल्यासारखं केलं नाही.

आईने कॉफी संपवली. मग अंगातला राखाडी स्वेटर काढला आणि अमिहानच्या खांद्यावर टाकला.

"मला थंडी नाही वाजत, तिता," अमिहान म्हणाली.

"मी विचारलं का?" आईने स्वेटरची बटणं लावायला घेतली, वरपासून, एकेक. "आणि तिता कोण? इथे तुझी कुणी तिता नाही."